दाजी म्हणाले मी घाई केली

९ डिसेंबर २०२४, सोमवार
सिडको, नाशिक

आयुष,

जयभीम. आज शाळेत नववीचे दोन आणि दहावीचा एक तास झाला. पाचला घरी आले. साडेपाचला कंपनीचे दोघे आले, एचआरचे साहेब आणि त्यांच्यासोबत टाइम ऑफिसचा क्लार्क. चहा नको म्हणाले, मग घेतला. सहाला गेले. जाताना एक निळी फाइल ठेवून गेले. ती वाचून झाल्यावर लिहायला बसले आहे.

तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. म्हणून पत्र. चाकणचा पत्ता तुझ्या इथल्या मित्राकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस. मी त्याला वर्गात उभं करतात तसं दारात उभं केलं, मग त्याने दिला.

फाइलमध्ये तुझ्या दाजींच्या अपघाताचा चौकशी अहवाल आहे. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर माझ्या सहीसाठी जागा आहे. तिथे लिहिलं आहे की कुटुंबाने अहवाल वाचला, समजून घेतला आणि तो मान्य आहे. साहेब म्हणाले, "वहिनी, फॉर्मॅलिटी आहे फक्त. तुम्ही तर इंग्रजीच्या टीचर, तुम्हाला काय समजवायचं!" मी म्हटलं, वाचल्याशिवाय सही करत नाही. "वाचा ना, वाचा," ते म्हणाले, "फक्त पुढच्या सोमवारपर्यंत द्या."

भरपाईचं काही अडलेलं नाही. ती कायद्याने येईल. त्या विषयावर मला समजवायला म्हणून तू फोन करणार असशील तर करू नकोस.

अपघात कसा झाला ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतास. तरी अहवालात आहे तसं लिहिते. बारा नोव्हेंबर, दुसरी पाळी. प्रेसची डाय, तो अवजड साचा, क्रेनने उचलायची होती. मयत डायला पट्टा लावत होते. क्रेनचं बटण आयुष गांगुर्डे यांच्या हातात होतं. पट्टा नीट बसण्याआधी क्रेन वर गेली, डाय झुलली आणि मयत खांबाला दाबले गेले. चौदा तारखेला दवाखान्यात मृत्यू. कारण, पान नऊ: मयताने स्वतःची घाई कबूल केली आहे.

कबूल केली. अ‍ॅडमिटेड. हा शब्द आहे.

आधार कशाचा, तर तुझ्या जबाबाचा. जबाब मागे जोडला आहे. तोही इंग्रजीत आहे. त्यातलं वाक्य असं: द डिसीज्ड टोल्ड हिम दॅट ही हॅड अ‍ॅक्टेड इन हेस्ट. मयताने त्याला सांगितलं की त्याने घाई केली होती. आता यात पहिला ‘त्याला’ म्हणजे तू. पण घाई केली तो ‘त्याने’ कोण? इंग्रजीत दोघांना एकच ‘ही’ आहे. दाजीही ‘ही’ आणि तूही ‘ही’. हे वाक्य नववीतल्या कुणी पेपरात लिहिलं असतं तर मी खाली रेघ मारून प्रश्नचिन्ह केलं असतं.

जबाबात प्रश्नचिन्ह नाही. पान नऊवर तर ‘ही’सुद्धा नाही, सरळ ‘मयत’ आहे.

जानेवारीत कंपनीत सुरक्षेचं शिबिर असतं. नवीन मुलांना त्यात हा अपघात उदाहरण म्हणून शिकवणार आहेत, फोटो लावून. साहेबांनी ते चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं. म्हणजे दरवर्षी पन्नास-साठ पोरं तुझ्या दाजींना घाई करणारा माणूस म्हणून ओळखणार. ज्याने आमच्या लग्नात वऱ्हाडाच्या जीपच्या चाकांचे नट स्वतः पाना घेऊन तपासले आणि वरात पाऊण तास उशिरा आणली, तो माणूस. तू तेव्हा सात वर्षांचा होतास, भूक लागली म्हणून रडत होतास. आठवत असेल.

मला एकच विचारायचं आहे. तू मराठीत काय बोलला होतास? नेमके शब्द. अर्थ नको, अर्थ माझा मी काढेन.

दवाखान्यात त्या दोन दिवसांत तुझ्या दाजींनी तुझी चौकशी केली होती. तेवढं कळवते.

स्नेहा

१७ डिसेंबर २०२४, मंगळवार
सिडको

आयुष,

तुझं उत्तर नाही. काल सोमवार होता, मी सही दिली नाही. आज अर्धी रजा टाकून अंबडला कंपनीत गेले. रिक्षा गेटपर्यंत. गेटवरच्या माणसाने मला ओळखलं, रजिस्टरमध्ये नाव लिहू नका म्हणाला. मी लिहिलं. भेटीचं कारण या रकान्यात ‘वाक्य तपासणे’ असं लिहिलं.

साहेबांनी बसवलं. पाणी दिलं. मी म्हटलं, आयुष गांगुर्डेचा मूळ मराठी जबाब दाखवा.

"मूळ म्हणजे? जबाब आहे की फाइलला."

"तो इंग्रजी आहे. तो इंग्रजीत बोलला का?"

"नाही, बोलला मराठीतच. यांनी लिहून घेतलं." त्यांनी क्लार्ककडे बघितलं. "मग आपण इंग्रजी करतो. हेड ऑफिसला मराठी चालत नाही."

"लिहून घेतलेला कागद?"

क्लार्क उठला, कपाटातून एक पॅड काढलं आणि पानं उलटायला लागला. तो वाईट माणूस नाही, आयुष. पान सापडल्यावर त्याने ते आधी स्वतः वाचलं, मग माझ्यासमोर धरलं, हातातून सोडलं नाही. मी वाचलं. वहीत उतरवून घेतलं. तुझं वाक्य असं आहे:

दाजी म्हणाले मी घाई केली

स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, अवतरण चिन्ह नाही. मी क्लार्कला विचारलं, "यात घाई कुणी केली?"

"दाजींनी. दाजी म्हणाले, मी घाई केली."

"आणि असं वाचलं तर? दाजी म्हणाले, की मी, म्हणजे आयुषने, घाई केली?"

त्याने ओठ हलवून दोनदा वाचलं. "तसंही होतंय," तो म्हणाला.

"मॅडम, तुम्ही आता ग्रामर काढताय," साहेब म्हणाले. घरी आले तेव्हा मी वहिनी होते, आता मॅडम झाले. "आम्ही भावना बघतो. माणूस गेला त्याचं दुःख आम्हालाही आहे."

"मी ग्रामरच काढतेय, सर. एकोणीस वर्षं तेच काढतेय. मयताने कबूल केलं हे तुम्ही कुठून काढलं?"

"अहो, शेवटी कुणीतरी केलीच ना घाई? तुमचा भाऊ आहे तो. त्याच्या नावावर टाकायची का मग?" हे त्यांनी आवाज खाली आणून म्हटलं, माझ्यावर उपकार केल्यासारखं. "आम्ही घरातलं बघून लिहिलंय."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं की वाक्य दोन्ही बाजूंनी जातं. जो परत येऊन बोलणार नाही, त्याच्या अंगावर टाकलं.

मी फाइल तिथेच ठेवली, सही न करता. साहेब दारापर्यंत आले. "विचार करा," ते म्हणाले. मी म्हटलं, केला आहे.

संध्याकाळी कळवणहून आत्यांचा फोन आला. मी त्यांना सगळं सांगितलं, ‘ही’ वगैरे सोडून. त्यांनी विचारलं, "सूनबाई, त्या कागदात माझ्या भिकनचं नाव किती येळा हाय?"

मी आठवून सांगितलं, "एकदा. पहिल्या पानावर. पुढे सगळीकडे मयत."

"मंग तो कागद त्याचा नाय. सही करू नको."

शकुबाई पगारे, शिक्षण दुसरी. मला दुसरा वकील लागला नाही.

या आठवड्यात नववीला डायरेक्ट-इनडायरेक्ट चालू आहे. दरवर्षी डिसेंबरात येतं. फळ्यावर नियम लिहिले. ‘नाउ’चं ‘देन’ होतं, ‘हिअर’चं ‘देअर’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे उद्या भेटू म्हणणारा आता परवाच भेटून गेला का?" वर्ग हसला. मीही हसले. मग ‘विल’चं ‘वुड’ लिहायला लागले आणि हात थांबला. बारा तारखेला कामावर निघताना तुझे दाजी म्हणाले होते, दहाला सुटलो की येतो, भाकरी ठेव. ते इनडायरेक्ट करायचं तर येतो असं राहत नाही, येणार होता असं होतं. मी खडू खाली ठेवला आणि मुलांना पुस्तकातला स्वाध्याय सोडवायला सांगितलं. तास संपायला बारा मिनिटं होती.

मराठीत असं होत नाही. मराठीत माणूस काय म्हणाला ते सांगताना आपण त्याचा ‘मी’ त्याच्याकडेच ठेवतो, त्याचं ‘येतो’ही तसंच ठेवतो. तो म्हणाला मी येतो. सोपं आहे. पण कधी सांगणाऱ्याचाही ‘मी’ त्यात शिरतो आणि ऐकणाऱ्याला विचारावं लागतं, कुठला मी? घरात आपण विचारतो. तिथे कुणी विचारलं नाही.

मी विचारते आहे. कुठला मी, आयुष?

स्नेहा

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार

आयुष,

काल तुझा आवाज आला. दोन मिनिटं अकरा सेकंद. शाळेला नाताळची सुट्टी होती, मी घरीच होते. तीनदा ऐकला आणि लिहून काढला. कोणताही शब्द बदललेला नाही. तुझ्याकडून तो डिलीट होईल, म्हणून इथे ठेवते:

"ताई, मी तेच सांगितलं होतं गं. मी घाई केली, असं दाजी म्हणाले. मी म्हणजे मी. मला वाटलं त्यांना समजलं. मग त्या क्लार्कने इंग्रजीत वाचून दाखवलं, ही हॅड अ‍ॅक्टेड इन हेस्ट. स्टेटमेंट माझंच होतं ना, सगळीकडे मला ही-ही-हीच लिहिलं होतं, मला वाटलं हा पण ही मीच. सही केली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये पोरं म्हणायला लागली, तुझ्या दाजींनीच घाई केली म्हणे. तेव्हा कळलं मला. तेव्हा नाही बोललो. ताई, मागून सुपरवायझर बोंबलत होता, उरका रे, गाडी उभी आहे, झोपलात का. दाबायच्या आधी दाजी काहीच बोलले नव्हते. घे म्हणाले नव्हते. मी दाबलं. ताई, तू सही कर आणि संपव. दाजींना आता काय फरक पडतो."

शेवटी मागे गाड्यांचा आवाज आहे.

‘ही’ म्हणजे मी असं तुला वाटलं, यावर माझा विश्वास आहे. तुला बारावीला इंग्रजीत एकावन्न होते, ते माझ्यासमोर बसून. एचआरच्या साहेबांनाही ते वाक्य झेपलं नाही, तुला कुठून झेपणार. खरं बोलून सही केलीस आणि कागद खोटा झाला. त्या दिवशीचं मी धरत नाही. कॅन्टीननंतरचे पस्तीस-चाळीस दिवस धरते.

सुपरवायझरचं वाक्य अहवालात आहे, पान चारवर. काम वेळेत पूर्ण करण्याची विनंती केली, असं लिहिलं आहे. रिक्वेस्टेड. ‘झोपलात का’ ही विनंती झाली. आणि तुझ्या दाजींचं मात्र ‘म्हणाले’ होतं, त्याचं ‘कबूल केलं’ झालं. वरच्या माणसाचा शब्द मऊ झाला, खालच्याचा गुन्हा झाला. हे व्याकरणाच्या कोणत्याच पुस्तकात नाही, मी शोधलं.

फरक काय पडतो, तेही लिहिते. तू अकरावीला आमच्याकडे राहायला आलास. आम्हाला मूल झालं नाही आणि तू आल्यावर त्यावर कुणी बोललंही नाही. तुला कंपनीत लावायच्या आधी तुझ्या दाजींनी तीन रविवार तुला हाताच्या खुणा शिकवल्या, घे, सोड, थांब. गच्चीवर, कपड्यांच्या दोरीला बादली बांधून. मी खालून ओरडत होते की बादली फुटेल. "बादली फुटू दे," ते म्हणाले होते. त्या माणसाच्या फोटोखाली ‘घाई’ लिहिणार आहेत. तुला फरक पडत नसेल, मला पडतो.

आता माझं. मी पहिल्या पत्रात लिहिलं की तुझ्या दाजींनी तुझी चौकशी केली होती. ते खोटं नाही, पण मी क्लार्कने केलं तेच केलं. शब्द काढून घेतले आणि सोयीचा अर्थ पाठवला. तेरा तारखेला दुपारी ते शुद्धीवर होते. मी एकटीच आत होते. ते बोलले ते असं:

"आयुषला घरी पाठव. जेवला नसेल. त्याने घाई केली. त्याला काही बोलू नको."

म्हणजे मला पहिल्यापासून माहीत होतं. अंत्यविधीला तू खांदा दिलास तेव्हा माहीत होतं. जलदान विधीच्या दिवशी तू पंगतीत वाढत होतास तेव्हाही. त्यांनी बोलू नको म्हटलं, म्हणून मी बोलले नाही. तू स्वतः बोलशील याची वाट बघत होते. तू संध्याकाळी बॅग घेऊन चाकणला गेलास.

आता मी बोलते आहे. त्यांचं ऐकत नाही, असं समज हवं तर.

ताई

४ जानेवारी २०२५, शनिवार

आयुष,

एक तारखेला आपल्या कॉलनीची गाडी भीमा कोरेगावला गेली. मी गेले नाही. तुला चाकणहून जवळ पडतं, गेला असशील.

काल शाळेत सावित्रीबाईंची जयंती झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दोन शब्द बोला. मी बोलत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी दरवर्षी विचारतात. काल मी बोलले. फार नाही. मुलींना म्हटलं, कुणी तुमच्या तोंडचं म्हणून काही लिहिलं तर सही करण्याआधी वाचून बघा, आणि ते परक्या भाषेत असेल तर दुप्पट वेळ घ्या. टाळ्या पडल्या. का बोलले ते कुणाला कळलं नाही.

कंपनीचं पत्र आलं आहे. शुक्रवारी, दहा तारखेला अकरा वाजता चौकशी समिती बसणार आहे. माझी हरकत ऐकून घेऊन अहवाल बंद करणार. ‘बंद करणे’ हा त्यांचाच शब्द.

मी जाणार आहे. तू ये. येऊन तुझं वाक्य परत सांग, या वेळी चिन्हांसकट. सुपरवायझर काय म्हणाला तेही सांग, कारण ते ऐकणारा आता तूच उरला आहेस. तुला भीती कशाची आहे ते मला माहीत आहे. नवीन नोकरी आहे, पोलीस येतील का, लोक काय म्हणतील. यातलं काही होणार नाही असं मी म्हणत नाही. तू घाई केलीस, पण तुला घाई करायला लावलं, आणि ते लावणारा कागदावर विनंती करून मोकळा झाला आहे. तू गप्प राहिलास तर तुझे दाजी अडकतात आणि तो सुटतो. तू बोललास तर निदान तिघंही आपापल्या जागी उभे राहतील.

नाही आलास तर मी दवाखान्यातलं वाक्य सांगणार आहे. त्यात तुझं नाव आहे. हे आधी कळवते, म्हणजे पाठीमागून केलं असं होणार नाही.

ताई

१२ जानेवारी २०२५, रविवार
सिडको

आयुष,

शुक्रवारी तू आला नाहीस. मी साडेदहालाच पोचले होते. गेटवर अकरापर्यंत उभी राहिले, मग आत गेले.

टेबलाच्या पलीकडे तिघे होते. मधले हेड ऑफिसचे, मराठी समजतं पण बोलत नाहीत. एका बाजूला एचआरचे साहेब, दुसऱ्या बाजूला प्रॉडक्शनचे. क्लार्क कोपऱ्यात कॉम्प्युटरवर. सुपरवायझरला भिंतीशी खुर्ची दिली होती. त्याने मला नमस्कार केला. मी केला नाही.

मी सांगितलं, माझे पती तेरा तारखेला माझ्याशी बोलले, ते शब्द मला नोंदवायचे आहेत. मधले म्हणाले, बोला. मी पहिलं वाक्य बोलले आणि क्लार्कची बोटं चालू झाली. मी थांबले.

"काय लिहिलंत?"

त्याने वाचलं. "द विडो स्टेटेड दॅट द डिसीज्ड हॅड इन्स्ट्रक्टेड हर..."

"मराठीत लिहा. ते मराठीत बोलले."

"मॅडम, फॉरमॅट इंग्रजी आहे," एचआरचे साहेब म्हणाले.

"मग इंग्रजीत लिहा की भिकन पगारे म्हणाले, आणि पुढे अवतरण चिन्ह देऊन मराठी वाक्य टाका. चालतं ते. इंग्रजीतही चालतं."

"कॉम्प्युटरला मराठी नाहीये."

"पेन आहे."

मधल्यांना हसू आलं, पण त्यांनी मान हलवली. क्लार्कने कोरा कागद आणून दिला. मी उभ्यानेच लिहिलं. भिकन पगारे म्हणाले, मग चिन्ह, मग त्यांची चार वाक्यं, मग चिन्ह. आयुषला घरी पाठव. जेवला नसेल. त्याने घाई केली. त्याला काही बोलू नको. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. वर्गात डिक्टेशन देते त्या आवाजात.

प्रॉडक्शनचे म्हणाले, "पण ताई, हे ऐकीव झालं ना? पुरावा काय?"

"पान नऊसुद्धा ऐकीवच आहे, सर. माझ्याकडे निदान शब्द आहेत."

मग एचआरच्या साहेबांनी विचारलं, अगदी साधेपणाने विचारलं, की त्यातलं तिसरं वाक्यच महत्त्वाचं आहे, तर बाकीची कशाला, जेवण वगैरे, आपण त्याचा सारांश करू. मला त्या माणसाचा इतक्या दिवसांत पहिल्यांदा राग आला. मी म्हटलं, "चारही राहतील. तिसरं घ्यायचं तर चौथंही घ्यावं लागेल. माझा नवरा एकाच श्वासात बोलला ते."

हे तुला कळावं म्हणून सविस्तर लिहिते. गेले दोन महिने मला वाटत होतं की एक तर त्यांचं नाव राखायचं, नाही तर त्यांचा शब्द पाळायचा. उभ्याने लिहिताना दिसलं की त्यांनीच दोन्ही बोलून ठेवलं आहे. तू घाई केलीस हे आता कंपनीच्या कागदावर आहे. तुला काही बोलू नये हेही त्याच कागदावर, त्याच्या शेजारी आहे. एक वाचणाऱ्याला दुसरं वाचावं लागेल.

सुपरवायझरचं निघालं. मी विचारलं, पान चारवरचा ‘विनंती’ हा शब्द कुणाचा? मी सुपरवायझरकडे वळून म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी नेमकं काय म्हणालात ते इथे सांगता का?" तो म्हणाला, "मॅडम, कामाच्या गडबडीत माणूस काय बोलतो ते लक्षात राहतं का?" मी म्हटलं, ज्याला ऐकवलं त्याच्या लक्षात आहे. तुझा तो आवाज माझ्या फोनमध्ये आहे, पर्समध्ये होता, हात पर्सपर्यंत गेला होता. लावला नाही. ते तू मला बोलला होतास, त्यांना नाही.

कागदाचा खालचा अर्धा भाग मी कोरा ठेवला. तिथे वर लिहिलं, ‘आयुष गांगुर्डे यांनी स्वतःच्या हाताने लिहिण्यासाठी’, आणि रेघ मारली. रेघेखाली, अगदी तळाला, माझी सही केली, म्हणजे त्याखाली दुसऱ्या कुणाला काही घालता येणार नाही. साहेब म्हणाले, "असं ब्लँक ठेवता येत नाही." मी म्हटलं, ठेवलं आहे. मधल्यांनी कागद ओढून घेतला आणि वाचला. मग क्लार्कला म्हणाले, जोडा. अकरा पानांच्या अहवालाला बारावं पान जोडलं. मी पोचपावती घेतली, झेरॉक्सवर शिक्का मारून घेतला. झेरॉक्स या पत्रासोबत आहे.

अहवाल बंद झालेला नाही. शिबिरातून तुझ्या दाजींचा फोटो आणि उदाहरण तूर्त काढलं आहे, तसं लेखी घेतलं. पान नऊवरचं ‘कबूल केली’ अजून आहे. पान चारवरची विनंतीही आहे. त्या दोन्ही ओळी तुझ्या अर्ध्या पानाने बदलतील, माझ्याने नाही.

आत्यांना फोन करून सांगितलं. "बाराव्या पानावर नाव हाय का?" त्यांनी विचारलं. हाय म्हटलं. मग म्हणाल्या, "पोरगं जेवतं का तिकडं?" मी म्हटलं, मला माहीत नाही, त्यालाच विचारा. त्या तुला फोन करतील. त्यांचा तरी उचल.

मी आता तुला ये म्हणणार नाही. एकदा म्हणून झालं. लिहायचं तर कंपनीत जा, कागद मागून घे, मराठीत लिही. क्लार्कला सांगितलं आहे, तो देईल. नाही लिहिलंस तर ती जागा कोरीच राहील आणि कोरी आहे हे प्रत्येकाला दिसेल. मला तेही चालेल.

घरी आलास तर दार उघडेन. काय बोलेन ते आत्ता सांगता येत नाही.

दुपारचे तीन वाजले आहेत. सकाळी बाजारातून मेथी आणली. भाजीवाली भागीबाई एका माणसापुरती अर्धी जुडी देत नाही, पूर्णच घ्यायला लावते. ती पेपरवर पसरून ठेवली आहे. पाकीट चिकटवते आणि निवडायला बसते.

ताई